कात्रीबाईंचं भरून येणं

नाटकाच्या कपडेपटात दोन प्रकारची माणसं असतात, बसणारी आणि उभी राहणारी. मशीनवरचे बसतात, काजंबटणं करणाऱ्या बसतात, टिकल्या लावणाऱ्या तर अशा बसतात की चहा आला तरी उठत नाहीत. कटर मात्र उभा. कापड टेबलावर पसरलं की त्याच्यावर वाकावं लागतं, टेबलाभोवती फिरावं लागतं, दोन पावलं मागं सरून डोळा बारीक करून बघावं लागतं. बसून कापलेला अंगरखा रंगमंचावर चालायला लागला की ओळखू येतो, असं मास्तर म्हणायचे. आणि कपडेपटात मास्तरांचा शब्द म्हणजे तिसरी घंटा. त्यानंतर कोणी बोलायचं नसतं.

त्या टेबलाशी कात्रीबाई सतरा वर्षं उभ्या होत्या. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, ते तिथंच राहिलं. पुरुषांच्या त्या कामात त्या एकट्या बाई, पण त्यांनी कापलेला घागरा घालून कुठली राणी कधी अडखळून पडली नाही. एक म्हाताऱ्या नटी होत्या, गुडघे गेलेल्या. आपले गुडघे गेलेत हे त्यांना कोणी सांगायची सोय नव्हती. कात्रीबाई न बोलता त्यांच्या प्रत्येक पोशाखाचा घेर दोन बोटं वर कापायच्या. त्या नटी शेवटच्या प्रयोगापर्यंत तोऱ्यात पायऱ्या उतरल्या आणि टाळी घेऊन गेल्या. टाळीतला दोन बोटांचा वाटा कुणाचा, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. कात्रीबाईंनाही त्याचं काही नव्हतं.

दुखणं सुरू झालं ते तिसऱ्या मुलानंतर. सकाळी काही नाही. दुपारी जेवणानंतर ओटीपोटात थोडं जड. चार वाजले की खालून कोणीतरी ओढतंय असं वाटायचं, जणू पोटात भिजलेलं जाजम ठेवलंय. सहापर्यंत टेबलाची कड धरल्याशिवाय उभं राहवत नसे. चहाच्या सुट्टीत त्या मागच्या खोलीत कापडाच्या ताग्यांवर आडव्या व्हायच्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा माणसात यायच्या. टिकल्यावाल्या म्हणायच्या, "कात्रीताई, ताग्यांना ऊब देऊन आलात का?" त्याही हसायच्या.

पहिल्या डॉक्टरांकडे गेल्या तेव्हा कात्रीबाईंनी सांगितलं, "कंबर दुखते." दुखत होतं ते कंबरेत नव्हतं. पण बाईमाणसाला चारचौघांत उच्चारता येईल असा तोच एक अवयव शरीरात ठेवलेला आहे, बाकी सगळं 'कंबरेत' जमा होतं. डॉक्टरांनी कंबरेचा फोटो काढला. कंबर उत्तम होती. मलम मिळालं.

दीड वर्षानं दुसरे डॉक्टर. हे फार सज्जन, मऊ आवाजाचे. दवाखान्यात नुसता एक पडदा, आणि पडद्यापलीकडे बाकावर सात माणसं. कात्रीबाईंनी घरून वाक्य पाठ करून नेलं होतं: संध्याकाळी खाली भरून येतं. पण बाकावरचा एक म्हातारा खाकरला आणि त्यांच्या वाक्यातून 'खाली' हा शब्द गळाला. नाटकात एक शब्द गाळला की अख्खा प्रवेश बदलतो. इथंही तसंच झालं.

"काय होतंय?"

"संध्याकाळी... भरून येतं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "रोज?"

"रोज. चार वाजले की सुरुवात. सहाला तर नकोसं होतं."

"एकटं असताना जास्त?"

"एकटी कुठं असते मी? सगळी मंडळी असतात की भोवती. उभी असले की येतं."

"मग काय करता?"

"पडते थोडी. पडलं की बरं वाटतं."

"रडावं. रडल्यानं मन मोकळं होतं."

"पडते म्हटलं, डॉक्टर. रडत नाही."

"तेही होईल," डॉक्टर मायेनं म्हणाले, "घाई नाही." आणि त्यांनी मन हलकं करणाऱ्या गोळ्या लिहून दिल्या.

गोळ्यांनी मन हलकं झालं की नाही कोण जाणे, डोकं मात्र जड झालं. दुपारी डोळे मिटायचे. आणि अशाच एका दुपारी मखमलीचा तागा टेबलावर आला. मखमल घसरते, म्हणून ती दुहेरी घडी घालून कापत नाहीत. एकेरी पसरायची, एक बाही कापायची, कागदाचा साचा उलटा करायचा, मग दुसरी. कात्रीबाई साचा उलटा करायला विसरल्या. शिकाऊ पोरगंही पहिल्या महिन्यात एकदाच करतं अशी चूक.

ती कळली रंगीत तालमीत. राजानं तलवार उपसायला उजवा हात उचलला, तसा कोट मानेपर्यंत वर चढला आणि राजा त्यात घुसमटला. विंगेतून कोणीतरी म्हणालं, "महाराजांचे दोन्ही हात डावे!" तालीम पाच मिनिटं थांबली. सगळे हसत होते. मास्तर हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कात्रीबाईंना बाजूला घेतलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. "तू काही दिवस काजंबटणांना बस," ते म्हणाले. "बरी झालीस की बघू. टेबलाला मी एक नवा माणूस घेतोय."

"किती दिवस, मास्तर?"

"ते तू मला सांगायचंस." मग म्हणाले, "टेबल फार दिवस अर्धवट ठेवता येत नाही गं. तुला माहीत आहे."

त्यांना माहीत होतं. नवा माणूस टेबलाशी रुळला की टेबल त्याचं होतं. सतरा वर्षांपूर्वी त्या स्वतः अशाच कोणाच्या तरी जागी उभ्या राहिल्या होत्या. आता बरं व्हायचं ते टेबल जायच्या आत, एवढं एकच त्यांच्या डोक्यात राहिलं.

मग बायकांच्या डॉक्टरीणबाई झाल्या. त्यांनी नीट तपासलं, सोनोग्राफी करून घेतली. सोनोग्राफी सोमवारी सकाळी. कपडेपटाला सोमवारी सुट्टी; शनिवार-रविवार प्रयोगांचे, म्हणून नाटकवाल्यांचा रविवार सोमवारी उजाडतो. कात्रीबाई आठ तास झोपून, आरामात उठून गेल्या, टेबलावर आडव्या झाल्या, आणि सगळं नॉर्मल निघालं. आधीच्या सगळ्या तपासण्याही सोमवारच्याच. आपण आपलं दुखणं दर वेळी त्याच्या सुट्टीच्या दिवशी डॉक्टरकडे नेतोय, हे कोणाच्याच लक्षात आलं नाही.

"तीन मुलं झालीत, आणखी नकोत ना?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मग पिशवी काढून टाकू. बऱ्याच जणींना बरं वाटतं."

घरी सासूबाई म्हणाल्या, "हे मी कधीचं सांगतेय. मी काढली, सुटले. पिशवी म्हणजे भाडं थकलेला भाडेकरू. मुलं झाली की ठेवायची कशाला?"

नवरा पाणीपुरवठ्याच्या पंपावर कामाला होता. बोलण्याच्या बाबतीत त्याचा नळ दिवसातून दोनदाच यायचा. तो म्हणाला, "तुला काय वाटतं?"

"मला टेबल हवंय," कात्रीबाई म्हणाल्या. ऑपरेशनची तारीख ठरली.

ऑपरेशनआधी ताजी सोनोग्राफी हवी होती. सोमवार भरले होते, गुरुवारची संध्याकाळ मिळाली. आणि त्याच गुरुवारी इस्त्रीवाला आला नाही. चाळीस झगे, चाळीस फेटे, आणि रात्री प्रयोग. काजंबटणांवरून उठून कात्रीबाई सकाळी नऊला इस्त्रीला उभ्या राहिल्या त्या साडेपाचपर्यंत. सोनोग्राफीच्या खोलीत शिरल्या तेव्हा दाराच्या चौकटीला धरून.

तिथल्या डॉक्टरीणबाई ठसठशीत आवाजाच्या होत्या. "झोपा," त्यांनी पडद्यावरची नजर न काढता सांगितलं.

"झोपते," कात्रीबाई म्हणाल्या, "पण झोपलं की ते पळून जातं. तुम्हाला सापडायचं नाही."

डॉक्टरीणबाईंनी मान वळवली. "काय पळून जातं?"

खोलीत बाक नव्हता, म्हातारा नव्हता, दार बंद होतं. आणि कात्रीबाई इतक्या थकल्या होत्या की लाजायला अंगात ताकद उरली नव्हती. त्यांनी सगळं सांगितलं. खाली भरून येतं. उभं राहिलं की येतं, पडलं की जातं. पाळीच्या आधी जास्त. मांडीच्या वर आतल्या बाजूला एक निळी शीर फुगते. आणि नवऱ्याजवळ गेलं की नंतर दोन-दोन दिवस ठणकतं, म्हणून जवळ जाणंच सोडलंय.

"आज किती वेळ उभ्या होतात?"

"नऊपासून."

"मग झोपू नका. उभ्याच राहा."

"उभ्यानं? आजवर सगळ्यांनी झोपवूनच पाहिलं."

"आज आपण दुखण्याला त्याच्या घरी जाऊन भेटू."

पोटावर थंड जेल लागलं. डॉक्टरीणबाई स्टुलावर बसून यंत्राचं टोक फिरवू लागल्या. "श्वास धरा. आता जोर करा, कुंथल्यासारखा." पडद्यावर राखाडी धुक्यात काळ्या नळ्या उमटल्या, वेड्यावाकड्या, एकमेकींत शिरलेल्या. जोर केला तशा त्या फुगल्या, त्यात रंग भरला, आणि यंत्रातून वाऱ्यासारखा आवाज आला.

"एवढा गुंता माझ्या दोऱ्यांच्या डब्यातही नसतो," कात्रीबाई म्हणाल्या.

"या तुमच्या शिरा. पायाच्या शिरा फुगतात ते पाहिलंय ना? तसंच, पण ओटीपोटात. शिरेत झडपा असतात, रक्त वर जाऊ देतात, परत खाली येऊ देत नाहीत. बाळंतपणात शिरा ताणल्या जातात. काहींच्या नंतर पहिल्यासारख्या आवळत नाहीत, मग झडपा नीट मिटत नाहीत. उभं राहिलं की रक्त उलटं खाली येतं आणि साचतं."

"इलास्टिक सैल झालं म्हणा की."

"अगदी तेच."

"म्हणजे मला वेड नाही लागलेलं?"

"असं कोण म्हणालं?"

"कोणीच नाही. सगळ्यांनी फार प्रेमानं सांगितलं."

डॉक्टरीणबाई खो-खो हसल्या. मग कात्रीबाईंकडे पाहून म्हणाल्या, "रडू नका हो."

"रडत नाही. पाय थरथरतायत. आता तरी झोपू द्या."

रिपोर्ट घेऊन त्या बायकांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. त्या बाई मनानं मोठ्या. रिपोर्ट दोनदा वाचला, चष्मा काढला. "मी तुम्हाला उभं करून पाहायला हवं होतं," म्हणाल्या. आणखी एक मोठी तपासणी करायला सांगितली, शिरांचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं नाव दिलं, आणि म्हणाल्या, "ते काय म्हणतात ते ऐका, मग ठरवू. पिशवीची तारीख मी खोडते."

तारीख खोडली हे सासूबाईंना मात्र सहन झालं नाही. "उद्या आणखी कोणी डोक्यावर उभी करून तपासेल!" त्या कडाडल्या. "शिरा म्हणे! आम्ही काय कमी उभ्या राहिलो? नऊ माणसांच्या पोळ्या लाटल्यात या हातांनी. ज्याचं ठरलंय ते करून टाक आणि मोकळी हो."

दुपारचे दोन वाजले होते. सासूबाई नेहमीप्रमाणे पलंगावर आडव्या होत्या, पायांखाली दोन उशा. कात्रीबाई त्या उशांकडे बघत राहिल्या. रोज दिसणारी वस्तू कधीकधी एकदम दिसते, तसं झालं.

"आई, तुमची पिशवी काढून किती वर्षं झाली?"

"बावीस."

"मग रोज दुपारी पाय वर करून का पडता?"

"बरं वाटतं म्हणून."

"काय बरं वाटतं?"

सासूबाईंनी तोंड भिंतीकडे वळवलं. तिकडेच बघत हळू म्हणाल्या, "ओढ कमी होते." मग आणखी हळू, "मला वाटायचं, पिशवी नीट निघाली नसेल. थोडी राहिली असेल आत. म्हटलं आता कुणाला विचारायचं?"

कात्रीबाई त्यांच्या पायांशी बसल्या. तशा सासूबाई खेकसल्या, "बसलीस काय? जा त्या शिरावाल्याकडे. आणि विचार, म्हातारीला उभं करून बघतो का ते."

नवऱ्याला त्यांनी बसथांब्यावर सांगितलं. घरात तीन मुलं आणि एक सासू असली की संसारातलं खाजगी बोलणं बसथांब्यावरच होतं. झडपांचं ऐकल्याबरोबर त्याचा चेहरा उजळला. "नॉन-रिटर्न वाल्व गेला!" तो म्हणाला. "आमच्याकडे महिन्याला एक जातो. पाणी उलटं फिरतं, खालच्या पाइपवर दाब येतो. मग एवढ्यासाठी टाकी कशी उपटून टाकतात? ती लाइन बंद करायची, पाणी दुसऱ्या लाइननं जातं."

"डॉक्टरीणबाईही तसंच म्हणाल्या. ती शीर आतून बंद करायची."

"बरोबरच आहे." एक बस आली आणि गेली.

"आणखी एक," कात्रीबाई म्हणाल्या. "मी तुमच्याजवळ येत नव्हते ते त्यानंच. नंतर दुखायचं. तुम्हाला वाटलं असेल..."

"वाटलं होतं," तो म्हणाला. "वाटलं, विटलीस."

"अहो, मग विचारायचं तरी!"

"विचारलं असतं आणि तू हो म्हणाली असतीस तर?"

पुढची बसही त्यांनी जाऊ दिली.

शिरांचे डॉक्टर तरुण होते आणि मोजकं बोलणारे. मानेतल्या शिरेतून एक बारीक नळी आत जाईल, ती पोटापर्यंत नेऊन बिघडलेल्या शिरेत धातूच्या तारेची बारीक वेटोळी ठेवू, शीर बंद होईल. कापाकापी नाही, भूल फक्त मानेपुरती, संध्याकाळी घरी. "पण खात्री देत नाही," ते म्हणाले. "बऱ्याच जणींचं दुखणं खूप कमी होतं. काहींचं थोडं. काहींचं नाही. आणि कळायला काही महिने लागतात."

"महिने?" कात्रीबाईंना मास्तरांचा आवाज ऐकू आला. टेबल फार दिवस अर्धवट ठेवता येत नाही.

तरी त्या गेल्या. टेबलावर पडून डोळे उघडे ठेवून त्यांनी सगळं पाहिलं. माणूस आपल्याच आतली शिवण उसवताना-शिवताना बघतो असे प्रसंग थोडे. नळी काळ्या रेषेसारखी उतरत गेली. औषध सोडलं तसं अंगात गरम वाटलं आणि पडद्यावर ती शीर झाडाच्या मुळीसारखी जाड उमटली. मग एकामागून एक वेटोळी. "हुकं लावताय जशी," त्या पुटपुटल्या. डॉक्टर म्हणाले, "हलू नका." थोड्या वेळानं आपणहून म्हणाले, "सात लावली." मास्तरही कधी कौतुक करत नसत, नुसता आकडा सांगत. कात्रीबाईंना त्या माणसाबद्दल विश्वास वाटला.

चार दिवस पोट दुखलं, अंग कसकसलं. मग कामावर. नवा कटर टेबलाशी रुळला होता, आणि वाईट म्हणजे माणूस चांगला होता. "ताई, या बघा बरं, इथं तिरपं घेऊ का?" म्हणून विचारायचा. त्याचा राग करायचीही सोय नव्हती. कात्रीबाई काजंबटणांना बसल्या. पहिल्या महिन्यात फरक काहीच नाही, आणि एक संध्याकाळ तर पूर्वीपेक्षा वाईट. घरी येऊन त्या आडव्या झाल्या. सासूबाईंनी आपल्या दोन उशांपैकी एक त्यांच्या पायांखाली सरकवली.

दुसऱ्या महिन्यात चारचं दुखणं पाचला येऊ लागलं. मग साडेपाचला. आठवड्यातून दोनदा आलंच नाही. कात्रीबाईंनी हे कोणाला सांगितलं नाही. पहिला प्रयोग होईपर्यंत नाटकवाले जसे शेवट फोडत नाहीत तशा राहिल्या.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी ऐतिहासिक नाटक आलं. साठ सैनिक, बारा सरदार, एक दरबार, आणि हातात नऊ दिवस. मास्तरांनी मधलं दुसरं टेबल झटकून काढलं. "कात्री, सकाळपुरती उभी राहशील?"

"राहीन."

त्या सकाळी नऊला उभ्या राहिल्या. दुपारी जेवून पुन्हा. चार वाजता मास्तर स्वतः एक उंच स्टूल घेऊन आले, त्यांच्या मागं ठेवलं आणि खाकरून निघून गेले. पाच वाजता नवा कटर म्हणाला, "ताई, तुम्ही बसणार नसाल तर मी टेकू का जरा? माझ्या पोटऱ्या भरून आल्यात."

"टेक बाबा."

सहा वाजता ओटीपोटात थोडं जड झालं. थोडंच. कात्रीबाई थांबल्या, वाट पाहिली. ते तेवढंच राहिलं. मग त्यांनी पुढचा सरदार पसरला. पावणेआठला शेवटचा तुकडा घडी घालून ठेवला तेव्हा बसणाऱ्या सगळ्या निघून गेल्या होत्या आणि मास्तर आपल्या खिडकीजवळच्या टेबलाशी चष्मा पुसत होते.

"बारा झाले?" त्यांनी विचारलं.

"बारा."

मास्तरांनी उठून एक अंगरखा उलगडला, उजेडात धरला, शिवणीची जागा बोटानं चाचपली. "उद्यापासून टेबलाला ये. नव्यालाही ठेवतोय मी. काम दोघांचं आहे. मधलं टेबल तू घे."

"मधलं नको."

"मग?"

"खिडकीकडचं द्या. मधल्यावर आपलीच सावली कापडावर पडते."

"ते माझं आहे!"

"तुमचंच आहे, मास्तर. पण दिवसभर बसूनच असता की तुम्ही त्याच्याशी."

मास्तरांनी चष्मा घातला, काढला, पुन्हा घातला. पस्तीस वर्षांत त्या टेबलाबद्दल त्यांच्याशी असं कोणी बोललं नव्हतं. मग त्यांनी आपला चहाचा कप उचलला, टेप उचलली, आणि खुर्ची ओढत मधल्या टेबलाकडे निघाले. "पाय लंगडा आहे त्याचा," ते पाठमोरे म्हणाले, "डाव्या बाजूनं. खाली घडी घालून ठेव काहीतरी."

कात्रीबाई खाली वाकल्या आणि टेबलाच्या पायाखाली चिंधी सारू लागल्या.